बारा मिनिटांचा वारा : मुलुंडच्या एका सोसायटीने ब्लोअर कसा निवडला

आमच्या इमारतीच्या मागे दोन देशी बदाम, पुढे एक आंबा, आणि फाटकाबाहेर रस्त्यावर एक अवाढव्य रेन ट्री. त्याचं खोड रस्त्याच्या हद्दीत, पण अर्धा विस्तार आमच्या डोक्यावर. मुलुंड पूर्वेतली ही सोसायटी तळमजला अधिक तीन मजल्यांची, 14 बिऱ्हाडांची. भोवतालची मोकळी जागा साधारण 380 चौरस मीटर, जवळजवळ सगळीकडे पेव्हर ब्लॉक, आणि त्यावर 7 गाड्या. मी खजिनदार. म्हणून जानेवारीच्या मीटिंगमध्ये ‘पाला उडवायचं मशीन घेऊ या’ असं कुणीतरी म्हणालं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मुंबईची पानगळ थंडी सरताना सुरू होते. जानेवारीत बदामाची पानं तांबडी व्हायला लागतात आणि फेब्रुवारीभर पडत राहतात. मागोमाग रेन ट्री. आंब्याचं काही वेळापत्रक नाही, तो वर्षभर थोडाथोडा पाडतो. एप्रिलपर्यंत हा खेळ चालतो, मग जूनमध्ये पाऊस येतो आणि प्रश्नाचं रूपच बदलतं. म्हणजे मशीनची खरी गरज वर्षातले अडीच-तीन महिने. हे मी मीटिंगमध्ये बोललो, आणि नेहमीप्रमाणे ‘खजिनदार चेंगट’ हा शेरा मिळाला.

दोन पर्याय त्याच बैठकीत बाद झाले. एक काका म्हणाले, रेन ट्रीच्या फांद्याच तोडून टाका. त्यांना सांगावं लागलं की महाराष्ट्रात 1975 पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, फांदी छाटायलाही परवानगी लागते, आणि पानं पडतात हे कारण अर्जात लिहिलं तर वाचणारा हसेल. दुसऱ्यांनी, आवाज खाली आणून, मागच्या कोपऱ्यात पेटवून देण्याची सूचना केली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये दंड ठरवला आहे. हा आकडा ऐकल्यावर सूचना मागे आली. राहिला ब्लोअर.

आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी पंचावन्नच्या पुढच्या. त्यांचा उजवा खांदा मागच्या वर्षी आखडला, हात डोक्याच्या वर जात नाही. खराटा त्या कमरेच्या रेषेत, जवळजवळ दोन्ही हातांनी ओढतात. मशीन घेण्यामागे त्यांच्या खांद्याचं कारण सेक्रेटरीबाईंनी मांडलं होतं, आणि ते मला पटलं. पण नेमकं कुठलं काम त्यांना जड जातं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून खरेदीच्या आधी मी आठवडाभर सकाळी साडेसातला खाली खुर्ची टाकून बसलो. हातात पेपर, खिशात घड्याळ.

सात दिवसांची सरासरी अशी निघाली. एकूण 70 मिनिटं. त्यातली मोकळी जागा झाडायला 18 मिनिटं, गाड्यांखालून आणि गाड्यांच्या मधून पाला काढायला 26, ढीग उचलून गोणीत भरायला आणि मागे नेऊन ओतायला 21, आणि भिंतीकडेच्या उघड्या गटारीला 5.

या चार आकड्यांनी पुढचं सगळं ठरवलं. गोणी भरण्याच्या 21 मिनिटांना जगातला कुठलाही ब्लोअर हात लावू शकत नाही, तो पाला हलवतो, उचलत नाही. मोकळ्या जागेतली 18 मिनिटं मावशींच्या हाताला सहज जातात. खराटा तिथे इतका लयीत चालतो की मशीनने वाचली तर दोन-चार मिनिटं वाचतील. दुखणं होतं त्या 26 मिनिटांत. गाडीखाली खराटा आडवा सरकवायचा तर गुडघ्यावर बसून, हात लांबवून, नेमका तोच खांदा ताणावा लागतो. गाडीचा मागचा बंपर आणि भिंत यांच्यातल्या वीतभर जागेत तर खराट्याचं तोंडच जात नाही. तिथे त्या हाताने पानं वेचत होत्या.

आम्हाला ‘कंपाउंड साफ करणारं मशीन’ नको होतं. गाडीखालून पाला बाहेर हाकलणारं काहीतरी हवं होतं. हे काम निम्म्या वेळात झालं तर रोज 12-13 मिनिटांचा वारा पुरे. वहीत मी ‘12 मिनिटं’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पाला म्हणजे एकच वस्तू नव्हे

बाजारात जाण्याआधी आणखी एक गोष्ट केली, जिच्यावर बायको अजून हसते. चारही प्रकारचा पाला एकेक मूठ घरी आणून लादीवर पसरला आणि टेबल फॅन लावून बघितला.

बदामाचं वाळलेलं पान होडीसारखं वळलेलं असतं. त्याच्याखाली हवा शिरते, आणि जरा झुळूक आली की ते खडखड करत लोळत सुटतं. ते हलवायला मशीनची ऐट लागतच नाही. आंब्याचं पान चिवट आणि सपाट. लादीला चिकटून बसतं, वारा वरून निघून जातो. त्याची कड जरा उचलली गेली तरच उडतं. रेन ट्रीची पानं म्हणजे नखाएवढ्या पाकळ्या. त्या पेव्हरच्या फटीत शिरतात, आणि तिथून त्यांना काढायला वारा तिरका आणि जवळून मारावा लागतो. त्याच्या शेंगांचं तर विचारूच नका. आतला गर गोड आणि चिकट, गाडीचं चाक वरून गेलं की शेंग लादीला डिंकासारखी बसते. तिला खराट्याचा बुंधा किंवा पत्र्याची पट्टीच लागते.

आणि हे सगळं कोरडं असताना. फेब्रुवारीत सकाळी साडेसातला मुलुंडमध्ये दव असतं. खालच्या थरातली पानं ओलसर असतात, आणि ओलं पान उडवायला कोरड्याच्या कैक पट जोर लागतो. बदामाचा ओला पाला दोन दिवस तसाच राहिला तर लादीवर पानाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो, तो पुढे महिनाभर जात नाही. ही दवाची गोष्ट मी वहीत लिहिली खरी, पण तिचा अर्थ मला मार्चपर्यंत कळला नाही. त्याकडे शेवटी येतो.

फुंकणी की सूप

मुंबईत दुकानात जाऊन नुसतं ‘ब्लोअर’ म्हटलं की समोर येतो तो एसीवाले आणि कॉम्प्युटरवाले वापरतात तो. हातभर लांब, वायरचा, 500 ते 600 वॅटचा, नळीचं तोंड निमुळतं. किंमत दोन हजारांच्या आत. खोक्यावर मोठ्या अक्षरात हवेचा वेग छापलेला असतो, ताशी 270 किलोमीटर वगैरे. वादळापेक्षा जास्त. हा आकडा वाचून आमच्या समितीतल्या दोघांनी हाच घ्या म्हणून धरलं होतं.

घोटाळा असा की वेग आणि हवेचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुलीची फुंकणी आठवा. तिच्यातून हवा सणसणत येते, पण निखाऱ्याएवढ्या जागेवर. तिने अंगणातला भुसा हलवून दाखवा! तो हलतो सुपाने वारा घातला की. सुपाच्या वाऱ्याला वेग नाही, पण हवा भरपूर. पाल्याला दोन्ही लागतं. चिकटलेली कड उचलायला वेग, आणि उचललेला ढीग पुढे रेटत न्यायला प्रमाण. म्हणून नुसत्या वेगापेक्षा रेटा बघावा. तो काही कंपन्या न्यूटनमध्ये छापतात. नसेल छापला तर ढोबळ हिशेब घरी करता येतो. दर सेकंदाला किती घनमीटर हवा बाहेर पडते, गुणिले हवेचा वेग मीटर प्रतिसेकंदात, गुणिले 1.2, कारण एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो.

एसीवाल्याचा ब्लोअर मिनिटाला 2.8 घनमीटर हवा फेकतो. सेकंदाला 0.047. वेग 75 मीटर. रेटा आला 4 न्यूटनच्या आसपास. बागकामासाठी बनवलेला 18 व्होल्टचा बॅटरीवाला, जाड नळीचा, मिनिटाला 9 घनमीटर आणि वेग फक्त 45 मीटर, म्हणजे ताशी 160 किलोमीटर. खोक्यावर हा दुबळा दिसतो. रेटा मात्र 8 न्यूटन, दुप्पट. पेट्रोलवर चालणारा हातातला, मिनिटाला 12 घनमीटर आणि 60 मीटरचा, 14 न्यूटनच्या घरात जातो. पत्रकातले आकडे जास्तीत जास्त असतात, आणि कधीकधी वेग निमुळत्या नळीने मोजलेला आणि प्रमाण उघड्या तोंडाने मोजलेलं असतं, म्हणून हा हिशेब तुलनेपुरताच. अमेरिकन पत्रकात प्रमाण सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात, असतं. 1 सीएफएम म्हणजे तासाला 1.7 घनमीटर.

एवढं झाल्यावर मी समितीला सांगितलं, कागदावर बोलणं पुरे, तिन्ही चालवून बघू. तीन रविवार लागले.

पहिल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या एसीवाल्या दादांचा छोटा ब्लोअर. बंपरमागच्या फटीतून त्याने पानं फटाफट काढली, हे कबूल करायला हवं. पण गाडीखालचा मधला पाला तसाच. शिवाय वायर. जिन्याखालच्या सॉकेटपासून मागच्या भिंतीपर्यंत 25 मीटर एक्स्टेन्शन, ती गाडीच्या चाकांत अडकते, मावशींच्या पायात येते. या 600 वॅटला 3 अँपिअरच्या आतच लागतात, साधा 6 अँपिअरचा सॉकेट पुरतो. पण वायरवाल्यांत 3,000 वॅटचे मोठेही येतात, ते ओढणारेही असतात, पाला आत खेचून कुटून पिशवीत भरतात. त्यांना 13 अँपिअर लागतात, म्हणजे 16 अँपिअरचा सॉकेट, निदान 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि ती रिळावर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून, नाहीतर रीळ आतून तापतं. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा खटका, असल्याशिवाय बाहेर ओलसर लादीवर हे चालवूच नये. आमच्या जिन्याखालच्या बोर्डात तो नाही. तो बसवून घेणं हे स्वतंत्र आणि जास्त गरजेचं काम आहे, पण त्याला मीटिंगमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही.

दुसरा रविवार पेट्रोलचा. बागकामाचा ठेका घेणाऱ्या एका माणसाने आणून दाखवला. सकाळी आठला त्याने दोरी ओढली आणि चार खिडक्या एकदम उघडल्या. जोर वादातीत. गाडीखालचा पाला एका फटक्यात पलीकडे. पण पाल्याबरोबर पेव्हरच्या फटीतली वर्षाची धूळही उठली. थंडीतल्या सकाळी इथे वारा पडलेला असतो, समुद्रावरचा वारा सुरू व्हायला उशीर लागतो, त्यामुळे ती धूळ कुठे जाईना. पहिल्या मजल्याच्या उंचीपर्यंत पिवळट पडदा तरंगत राहिला. तळमजल्यावरच्या आजींनी गॅलरीत पोह्याचे पापड घातले होते. त्या काही बोलल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या, आणि दार लावलं.

माझ्या फोनवरच्या ॲपने आठ मीटरवरून 82 डेसिबल दाखवले. ॲपवर फार विसंबू नये, पण अंदाज येतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10, मर्यादा 55 डेसिबल आहे. शाळा आणि रुग्णालयांच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. ही मर्यादा सरासरीची असते, दहा मिनिटांच्या आवाजाशी ती थेट जुळवता येत नाही. तरी मला रोज सकाळी 14 बिऱ्हाडांना ही सरासरी समजावून सांगायची नव्हती.

पेट्रोलचं दुसरं त्रांगडं मला आवाजापेक्षा मोठं वाटलं. ही टू-स्ट्रोक इंजिनं. लिटरला 20 मिली टू-टी तेल मिसळावं लागतं, म्हणजे पन्नासास एक. हे कोण करणार? पंपावर सुटं पेट्रोल बाटलीत देत नाहीत. आणि आता पंपावर येतं ते 20 टक्के इथेनॉलचं, तर हातातल्या छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत बहुधा 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. जून ते सप्टेंबर मशीन पडून राहणार, मुंबईच्या दमट हवेत, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. ऑक्टोबरमध्ये कार्ब्युरेटर उघडायला माणूस शोधावा लागणार हे लिहून ठेवा. टाकी रिकामी करून ठेवली तर वाचेल, पण आमच्या सोसायटीत पाण्याच्या पंपाची मोटर बंद करायची आठवण राहत नाही.

पदर

तिसऱ्या रविवारी ठाण्याहून भाचा आला, त्याचा 18 व्होल्टचा बॅटरीवाला घेऊन. वजन बॅटरीसकट सव्वादोन किलो. पेट्रोलचा चार किलोच्या वर होता. मावशींनी तो डाव्या हातात धरला, दोन पावलं मागे गेल्या, आणि सांगायच्या आधीच नळीचं तोंड जमिनीशी जवळजवळ आडवं केलं. पहिल्या गाडीखालून बदामाची पानं खडखडत बाहेर. मी घड्याळाकडे बघत होतो. तेवढ्यात मशीनचा आवाज एकदम चढला, चिरका झाला, आणि मावशी “अगं बाई!” म्हणून थांबल्या.

मशीनच्या मागच्या जाळीने त्यांचा पदर ओढून घेतला होता. काही झालं नाही, जाळीमुळे पंख्यापर्यंत कापड गेलं नाही, बटण सोडताच पदर सुटला. पण त्या क्षणापर्यंत मी वाचलेल्या कुठल्याही पत्रकात, कुठल्याही तुलनेत, हवा आत घ्यायची जाळी कुठे आहे हा मुद्दा ठळक लिहिलेला नव्हता. पॅन्ट-शर्टवाल्याने चालवायचं यंत्र म्हणून ते बनलेलं असतं. आमचं यंत्र साडी नेसलेली बाई चालवणार होती. तिथून पुढे माझ्या यादीत ही जाळी वर आली. ती कुठल्या बाजूला आहे, तिची भोकं किती बारीक आहेत, आणि तिच्यात कापड ओढलं गेलं तर मशीन तत्काळ थांबवता येतं का. काही मशीनना बोट काढलं तरी चालू ठेवणारा खटका असतो, वेग धरून ठेवायला. तो आम्हाला नको.

मावशींनी पदर कमरेला घट्ट खोचला आणि उरलेल्या सहा गाड्या केल्या. माझ्या फोनवर आकडा 67. आजींनी या वेळी दार लावलं नाही.

नागदेवी

बॅटरीवाला हे ठरलं. पण बॅटरीच्या बाजारात लबाडीही बरीच आहे. म्हणून एका शनिवारी धीमी लोकल पकडून मशीद स्टेशनला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीट गाठली. हत्यारांच्या दुकानांची ही गल्ली. इथे मशीन हातात घेऊन बघता येतं, आणि दुकानदार गिऱ्हाइकाला वेळ नसेल तरच गोड बोलतो.

तिथे ‘48 व्होल्ट’, ‘88 व्होल्ट’ असं बॅटरीवर छापलेली स्वस्त मशीन खच्चून भरलेली. मी एक बॅटरी उलटी करून बघितली. आकार आणि वजन 18 व्होल्टच्या बॅटरीएवढंच. लिथियमचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पाच सेल जोडले की 18. पूर्ण चार्ज केल्यावर तेच पाच सेल 20-21 दाखवतात. म्हणून कुणी 18 लिहितं, कुणी 20, कुणी 21, वस्तू एकच. पण पाच सेलच्या डबीत 88 कुठून येणार? मी विचारलं तर दुकानदार हसला. “साहेब, तो मॉडेल नंबर समजा.”

व्होल्ट सोडून वॅट-अवर बघावे, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. 18 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर-अवर म्हणजे 72 वॅट-अवर. पूर्ण वेगाला मशीन 400 वॅट खातं असं धरलं तर 72 भागिले 400, म्हणजे 11 मिनिटं. माझ्या वहीतल्या 12 मिनिटांना एक मिनिट कमी.

पण पूर्ण वेगाने चालवायचंच कशाला? पंख्याचा एक नियम इथे आपल्या बाजूने असतो. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, पण खाल्ली जाणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. वेग 70 टक्क्यांवर आणला तर रेटा निम्मा उरतो आणि वीज मात्र जेमतेम तिसरा हिस्सा लागते. 11 मिनिटांची बॅटरी अर्धा तास पुरते. बदामाच्या कोरड्या पानाला निम्मा रेटा खूप झाला. आंब्याच्या पानापुरतं बटण पूर्ण दाबायचं. म्हणून चालू-बंद एवढंच बटण असलेलं मशीन मी बाजूला ठेवलं, दाबू तसा वेग वाढणारं घेतलं. माझ्या मते बॅटरीवाल्यात हा एक गुण दुसऱ्या बॅटरीएवढ्या मोलाचा आहे.

आणखी एक खाच. खोक्यावर दिसणारी किंमत पुष्कळदा नुसत्या बॉडीची असते. बॅटरी आणि चार्जर धरला की आकडा जवळपास दुप्पट होतो. हमीही वेगळी. मशीनला वर्ष तर बॅटरीला सहाच महिने, असंही असतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे ज्या घराण्याचं ड्रिल आहे त्याच घराण्याचा ब्लोअर घेतला. अडीनडीला त्यांची बॅटरी चालेल, हे त्यांना आधी विचारून ठेवलं. बॅटरी, चार्जर, गॉगल आणि कानातले बोळे धरून बिल साडेअकरा हजारांच्या आत बसलं. बिलावर सोसायटीचं नाव घातलं. घरी येऊन हे सांगितल्यावर बायको म्हणाली, आता तरी फॅनखालचा पाला उचला.

मार्च

पहिल्या पंधरवड्यात मी पुन्हा खुर्ची टाकली. गाड्यांखालची 26 मिनिटं 11 वर आली होती. बाकी आकडे जवळपास तेच, गोणीला 20, मोकळ्या जागेला 18, गटारीला 5. मोकळ्या जागेत मावशींनी ब्लोअर वापरून बघितला आणि दोन दिवसांत सोडून दिला. खराट्याने पाला जिथे न्यायचा तिथे जातो, ब्लोअरने ‘चौफेर पळतो, मग मागे धावा’ असं त्यांचं म्हणणं, आणि बघताना मलाही तसंच दिसलं. त्या आधी गाड्यांखालून सगळं बाहेर काढतात, मशीन कट्ट्यावर ठेवतात, थोडं पाणी शिंपडून धूळ बसवतात आणि मग खराटा धरतात. हा क्रम त्यांचा. एकूण 54 मिनिटं, रोजची 16 वाचली, आणि वाचली ती नेमकी खांद्याची.

गोणीतला पाला आता मागच्या कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात जातो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत बागेचा कचरा स्वतःच्या आवारात वेगळा साठवायला सांगितलंच होतं. बदामाची अख्खी पानं कुजायला फार वेळ घेतात, त्यांना आधी पायाखाली तुडवावं लागतं. हे काम सोसायटीतली पोरं शनिवारी फुकट करतात.

एक तक्रार राहिली. दव असलेल्या दिवशी बॅटरी लवकर संपायची. ओल्या पानांना बटण पूर्ण दाबावं लागे, आणि दहाव्या मिनिटाला मशीन मान टाके. मार्चच्या मीटिंगसाठी मी ‘दुसरी बॅटरी : मंजुरी’ असा विषय टाकला. मावशींना सहज म्हटलं, “मावशी, आता दुसरी बॅटरी घेतो, मग थांबायला नको.”

“बॅटरी कशाला, भाऊ? मला साडेनऊला येऊ द्या. पलीकडची बिल्डिंग आधी करते. तोवर पाला सुकतो, आणि निम्म्या गाड्या जातात हापिसात.”

मी विचारलं, मग साडेसातला का येता? त्या म्हणाल्या, तुमचाच नियम आहे. मी इतिवृत्ताची जुनी वही काढली. खरंच होता. ‘झाडलोट सकाळी 8:30 च्या आत पूर्ण करावी.’ शाळेची बस पूर्वी आमच्या फाटकाच्या आत येऊन वळायची, तेव्हाचा ठराव. ती बस बंद होऊन कितीतरी वर्षं झाली.

ठराव रद्द झाला. आता साडेनऊला सातपैकी चार गाड्या बाहेर असतात आणि पाला कडकडीत असतो. ब्लोअर 5-6 मिनिटांच्या वर चालत नाही, एकूण काम 45 मिनिटांत उरकतं. दुसऱ्या बॅटरीचे पैसे मी जिन्याखालच्या आरसीसीबीकडे वळवले. हे जानेवारीत कळलं असतं तर मशीन घेतलं असतं का, असं एकाने विचारलं. घेतलं असतं. तीन गाड्या जागच्या हलत नाहीत, आणि त्यातली एक, पांढरी, बदामाच्या बरोब्बर खाली, गेली दोन वर्षं चारही चाकांत हवा कमी अशा अवस्थेत उभी आहे. तिचे मालक पुण्याला असतात. फोन केला की पुढच्या महिन्यात येतो म्हणतात. तिच्याखाली मात्र मावशी अजून बटण पूर्ण दाबतात.